मेलेल्यांना परत बोलावताना



या व्यासपीठावरून मी भयपट आणि विज्ञानपट यांच्या उत्तरभागांविषयी बोलणार आहे. ही व्याख्यानमाला एका दिवंगत माणसाच्या स्मरणार्थ चालते. गेलेल्या माणसाची आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे या सभागृहात दरवर्षी असतोच. ज्या सिनेमांबद्दल मी बोलणार आहे, त्यांच्यापुढेही तोच प्रश्न आहे. म्हणून हा विषय इथे परका नाही, असं मला वाटतं.

गेल्या दहा वर्षांत ‘एलियन’, ‘प्रिडेटर’, ‘हॅलोवीन’, ‘द एक्झॉर्सिस्ट’, ‘ब्लेड रनर’, ‘फायनल डेस्टिनेशन’ अशी कितीतरी जुनी नावं पुन्हा पोस्टरवर झळकली. व्यवहार सरळ आहे. नवं नाव लोकांच्या तोंडी बसवायला पैसा आणि वेळ लागतो, जुनं नाव आधीच बसलेलं असतं. ‘एक्झॉर्सिस्ट’च्या नव्या तीन सिनेमांच्या हक्कांसाठी सुमारे ४० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या. त्यातला पहिला, ‘बिलीव्हर’, २०२३ मध्ये आला. १९७३च्या मूळ सिनेमात मुलीला वाचवण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या आईचं काम एलन बर्स्टिन यांनी केलं होतं. पन्नास वर्षांनी त्या त्याच भूमिकेत परतल्या. आणि त्यांना काम काय दिलं? एका खोलीत शिरायचं, डोळे गमवायचे आणि उरलेला सिनेमा इस्पितळातल्या खाटेवर पडून राहायचं.

या सिनेमाचा मला राग आहे, कारण त्याच्या हातात एक विलक्षण गोष्ट होती. त्या आईने मुलीच्या आजारपणावर पुस्तक लिहिलं, जगभर नाव कमावलं आणि त्यापायी मुलगी तिला दुरावली, असं त्यात सांगितलेलं आहे. मुलीला सैतानाच्या तावडीतून सोडवलं आणि मग स्वतःच गमावलं. अख्खा सिनेमा यावर उभा राहिला असता. तो दोन-चार वाक्यांत उरकला आहे. पुढे ती त्रयीही पुरी झाली नाही.

भयकथेने फार पूर्वीपासून आपल्याला एक गोष्ट बजावून ठेवली आहे: मेलेल्याला परत बोलावू नका. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’ ही कथा १९०२ची. कारखान्याच्या यंत्रात सापडून मेलेला मुलगा परत यावा, असा वर माकडाच्या मंतरलेल्या पंजाकडे मागायला आई बापाला लावते. रात्री दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते आणि बाप उरलेला शेवटचा वर घाईघाईने खर्च करून टाकतो, कारण दाराबाहेर काय उभं असेल हे त्याला कळलेलं असतं. जेम्स व्हेल यांचा १९३५चा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा माझ्या मते सिनेमाच्या इतिहासातला पहिला थोर उत्तरभाग. प्रेतांच्या तुकड्यांतून जोडलेला तो प्राणी शेवटी स्वतःच ठरवतो की आपली जागा मेलेल्यांत आहे, आणि सगळी प्रयोगशाळा उडवून देतो.

आता उत्तरभाग म्हणजे तरी काय? संपलेल्या गोष्टीला पुन्हा उठवणंच ते. ज्या कथाप्रकाराने ‘असं करू नका’ म्हणून शंभर वर्षं सांगितलं, तोच प्रकार स्वतःच्याच गोष्टी पुन्हापुन्हा उकरून काढतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, गेलेलं गेलं आहे हे जो उत्तरभाग मान्य करतो, तो चांगला होतो. जो ते नाकारतो, त्यात पैसा, कौशल्य, तंत्र सगळं असूनही दारात भलतंच काहीतरी येऊन उभं राहतं. अलीकडच्या काही सिनेमांतून मला हे दाखवायचं आहे.

२०२४चा ‘एलियन: रोम्युलस’ घ्या. फेडे अल्वारेझ यांचा हा सिनेमा मला अतिशय आवडतो आणि त्यातली एक गोष्ट मला अजिबात सहन होत नाही. सुरुवात बघा. सूर्य कधीच न दिसणारी खाणकामगारांची वसाहत. रेन नावाची तरुण मुलगी कंपनीच्या खिडकीपाशी जाते. कराराचे तास भरलेत, आता मला जाऊ द्या, म्हणते. पलीकडची बाई शांतपणे सांगते, नियम बदललेत, अजून काही वर्षं काम करावं लागेल. पडद्यावर अजून एकही राक्षस आलेला नसतो, पण अंगावर काटा येतो. रेनचा भाऊ म्हणवणारा अँडी हा यंत्रमानव आहे. तिच्या वडिलांनी भंगारातून उचलून दुरुस्त केलेला, अडखळत बोलणारा, फुटकळ विनोद सांगणारा. त्याच्या आत एकच आज्ञा आहे: रेनचं भलं होईल ते करायचं. पुढे त्याच्या मानेत दुसरी चकती बसते आणि ती आज्ञा बदलते; आता भलं बघायचं ते कंपनीचं. डेव्हिड जॉनसन या नटाने हा बदल कसा दाखवलाय, ते मुद्दाम बघा. खांदे सरळ होतात, बोलण्यातली अडखळ जाते, नजर रेनच्या चेहऱ्यावरून सरकून दाराच्या अंतरावर जाते. चेहरा तोच, आपुलकी मात्र कुणीतरी पुसून टाकलेली.

आणि याच सिनेमात रूक नावाचा दुसरा यंत्रमानव आहे. १९७९च्या ‘एलियन’मध्ये इयन होम यांनी ॲश हा यंत्रमानव साकारला होता. होम २०२० मध्ये वारले. रूकला त्यांचा चेहरा दिला आहे. यांत्रिक बाहुलं, दुसऱ्या नटाचा अभिनय आणि संगणक या सगळ्यांतून तो चेहरा घडवला. होम यांच्या कुटुंबाची परवानगी घेतली होती, हेही सांगितलं पाहिजे. तरीही ओठ आणि शब्द यांचा मेळ बसत नाही. घरी बघण्यासाठी सिनेमा आला तेव्हा त्या दृश्यांवर पुन्हा काम केलं गेलं. पण प्रश्न ओठांच्या हालचालीचा नाहीच. मुदत संपल्यावरही कामगाराला न सोडणारी कंपनी ज्या सिनेमाची खलनायक आहे, त्याच सिनेमाने एका दिवंगत नटाला पुन्हा कामावर लावलं. स्वतःच्या गोष्टीचा अर्थ स्वतःलाच ऐकू न आल्याचं इतकं ढळढळीत उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिथेच आणखी एक लहानसा प्रसंग आहे. सिगर्नी वीव्हरच्या रिप्लीने १९८६च्या ‘एलियन्स’मध्ये राक्षसिणीला ठणकावलेलं ते प्रसिद्ध वाक्य अँडी अडखळत म्हणतो. कथेच्या काळात रिप्लीने ते अजून उच्चारलेलंही नाही. अँडीला ते वाक्य माहीत असायचं काही कारण नाही; ते माहीत आहे आपल्याला. म्हणजे त्या क्षणी पात्र बोलत नाही, आपलीच आठवण आपल्याला परत केली जाते. अशा आठवणीवर टाळी मिळते, पण गोष्ट तेवढा वेळ थांबलेली असते.

उलट बाजूला माइक फ्लॅनगन यांचा ‘डॉक्टर स्लीप’ ठेवतो. २०१९चा हा सिनेमा म्हणजे कुब्रिक यांच्या १९८०च्या ‘द शायनिंग’चा पुढचा भाग. मूळ सिनेमातल्या माणसांचे तरुण चेहरे संगणकावर बनवायची सोय फ्लॅनगन यांना होती. त्यांनी ती घेतली नाही. त्या भूमिकांसाठी दुसरे नट घेतले, थोडेफार सारखे दिसणारे. काही चाहत्यांना ते खटकलं. मला मात्र तेच मोठं वाटतं. लहानपणी एका हॉटेलात बापाच्या कुऱ्हाडीतून वाचलेला डॅनी आता प्रौढ आहे. बापासारखाच दारूत बुडाला होता, मोठ्या कष्टाने बाहेर पडलाय. शेवटी तो त्या हॉटेलात परत जातो, बारसमोर बसतो. गल्ल्यामागचा माणूस बापाच्या चेहऱ्याचा आहे, पण मी तुझा बाप नाही असं म्हणतो. पेला पुढे सरकवतो. डॅनी त्याला आई कशी गेली ते सांगू लागतो. तिचे शेवटचे दिवस, तिच्या डोळ्यांतली भीती. त्या माणसाला ते ऐकायचंच नाही. तो पुन्हापुन्हा पेल्याकडेच बोट दाखवतो. आईच्या मरणाची गोष्ट सांगायला बाप हवा होता आणि समोर त्याच्या कातडीतलं रिकामं काहीतरी बसलं आहे, हे पोराला कळतं. तो पीत नाही. हुबेहूब चेहरा असता तर आपण तंत्राकडे बघत बसलो असतो. इथे आपण डॅनीकडे बघतो.

आणि ‘ब्लेड रनर २०४९’. देनी व्हिलनव्ह यांचा २०१७चा सिनेमा. याच सिनेमासाठी छायालेखक रॉजर डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनानंतर पहिलं ऑस्कर मिळालं. तिकीटखिडकीवर तो अपेक्षेइतका चालला नाही. १९८२चा मूळ सिनेमाही चालला नव्हता. यातला एकच प्रसंग सांगतो. मूळ सिनेमाचा नायक डेकार्ड, आता म्हातारा, कैदेत आहे. त्याची प्रिय रेचल तीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. बलाढ्य उद्योगपती वॉलेस त्याच्यासमोर रेचल उभी करतो. तेच केस, तीच चाल, तोच १९८२चा तरुण चेहरा, अर्थात संगणकाने घडवलेला. डेकार्ड झालेल्या हॅरिसन फोर्ड यांच्या तोंडाकडे बघा. क्षणभर तो माणूस खरंच डगमगतो. मग मान वळवतो आणि म्हणतो, तिचे डोळे हिरवे होते. संपलं. ती प्रतिकृती तिथल्या तिथे गोळी घालून मारली जाते, नको असलेला माल फेकून द्यावा तशी. तंत्राने मेलेल्याला उठवण्याचा मोह या सिनेमालाही होता आणि त्याने तो वापरलाही. पण तो मोह त्याने खलनायकाच्या हाती दिला आणि नायकाला नकार द्यायला लावला. मूळ सिनेमावर याहून मोठं प्रेम कुणी केलेलं मला माहीत नाही.

खुलाशांचाही एक रोग उत्तरभागांना असतो, त्याबद्दल थोडक्यात. १९७९च्या ‘एलियन’मध्ये परक्या जहाजात एका अवाढव्य प्राण्याचा सांगाडा बसलेला दिसतो, छातीला आतून भोक पडलेलं. तो कोण, कुठला, कुणी सांगत नाही. तेहतीस वर्षं आम्ही चाहते त्याच्याविषयी विचार करत राहिलो. २०१२च्या ‘प्रोमिथियस’ने खुलासा केला की, सांगाडा वाटतो ते चिलखत आहे आणि आत माणसासारखाच कुणीतरी उंच गोरा आहे. प्रश्न सुटला आणि जहाज छोटं झालं. अज्ञाताची भीती एकदा मारली की तीही परत येत नाही. ‘प्रिडेटर’ मालिकेतला ‘प्रे’ हा २०२२चा सिनेमा यातून वाट काढतो: कुठलाही खुलासा नको, जुनं पात्र नको, सरळ १७१९ सालच्या कोमांची मुलीपाशी जायचं आणि ती काय बघते, काय ऐकते, एवढंच सांगायचं. पूर्ण सिनेमा कोमांची भाषेत ऐकण्याचीही सोय केली, ही फार चांगली गोष्ट झाली.

आता मी ज्यासाठी मुख्यतः इथे उभा आहे, त्या सिनेमाकडे येतो.

डॅनी बॉइल आणि लेखक ॲलेक्स गार्लंड यांचा ‘२८ डेज लेटर’ २००२ मध्ये आला. संतापाच्या विषाणूने ब्रिटन उद्ध्वस्त झालं आहे. किलियन मर्फी इस्पितळात जागा होतो आणि लंडनच्या रिकाम्या पुलावर भटकतो. पहाटे वाहतूक मिनिट-दोन मिनिटं थोपवून, हातात धरण्याच्या साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यांवर ते टिपलं होतं. चित्र खरखरीत, कडा तुटलेल्या. बातमीत दिसावं तसं जग संपताना दिसलं. २००७ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाचा ‘२८ वीक्स लेटर’ आला. त्याचा शेवट रोग पॅरिसला पोचल्याचा होता. आणखी मोठं संकट, आणखी मोठा नकाशा.

२०२५च्या ‘२८ इयर्स लेटर’मध्ये बॉइल आणि गार्लंड परत आले आणि त्यांनी नकाशा लहान केला. युरोपातला रोग मागे रेटला गेला, ब्रिटन मात्र कायमचं तोडून टाकलंय. उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं लिंडिसफार्न हे बेट. ओहोटीला उघडी पडणारी आणि भरतीला पाण्याखाली जाणारी एकच वाट. त्या बेटावर एक वस्ती तग धरून आहे. धनुष्यबाण, मेंढ्या, राणीची तसबीर, घरची बिअर. जग सावरलेलं नाही, मागे गेलेलं आहे. बारा वर्षांच्या स्पाइकला बाप पहिली शिकार करायला मुख्य भूमीवर नेतो. तो थरकाप उडवणारा भाग आहे, पण मला जास्त भिववतो तो परतल्यानंतरचा जल्लोष. बाप दारू पीत पोराच्या पराक्रमाच्या फुगवलेल्या गोष्टी सांगतो आणि खरं काय घडलं हे जाणणारा पोरगा तिथे कसनुसा उभा असतो. आजारी आई घरात पडलेली. त्याच रात्री बाप दुसऱ्या बाईबरोबर दिसतो. तेव्हा स्पाइक ठरवतो, मुख्य भूमीवर एक डॉक्टर आहे म्हणतात, आईला मी तिथे नेणार.

वाटेत त्यांना एक स्वीडिश सैनिक भेटतो. बाहेरच्या जगातला, आपल्यासारखा. तो मोबाइलवर मैत्रिणीचा फोटो दाखवतो. स्पाइकला मोबाइल म्हणजे काय तेच माहीत नाही, आणि फोटोतल्या मुलीच्या ओठांकडे बघून तो विचारतो, हिच्या चेहऱ्याला काय झालं? हा सिनेमा मोठ्या प्रमाणावर आयफोनवर चित्रित झाला आहे. छायालेखकही पहिल्या सिनेमाचेच, अँथनी डॉड मँटल. जुन्या कॅमेऱ्याची खरखर नवीन यंत्रात नकली घालता आली असती. तसं केलं नाही. त्या काळात सगळ्यांच्या हाती येऊ लागलेलं यंत्र त्यांनी तेव्हा घेतलं, आजच्या काळात सगळ्यांच्या खिशात असलेलं यंत्र आता घेतलं. पहिल्या सिनेमाची वृत्ती राहिली, छाप टाकून दिली.

आणि मग डॉक्टर केल्सन. राल्फ फाइन्स. अंगभर आयोडीन चोपडून नारिंगी झालेला माणूस. वर्षानुवर्षं तो प्रेतं गोळा करतो, जाळतो, हाडं स्वच्छ करतो आणि त्यांचे स्तंभ रचतो. रोगी आणि निरोगी, सगळ्यांची हाडं एकत्र. मधोमध कवट्यांचा उंच मनोरा. बेटावर त्याला वेडा समजतात. तो स्पाइकच्या आईला तपासतो. कर्करोग आहे, सगळीकडे पसरलेला. उपचार नाही. इथे दुसऱ्या कुठल्याही उत्तरभागाने एखादं जादूचं औषध शोधलं असतं. हा सिनेमा थांबतो. आई पोराला जवळ घेते, निरोप घेते, डॉक्टर तिला वेदनेविना जाऊ देतो. थोड्या वेळाने तो एक स्वच्छ पांढरी कवटी स्पाइकच्या हातात ठेवतो आणि सांगतो, तिच्यासाठी जागा तू निवड. पोरगा मनोरा चढतो, सगळ्यात वर जातो आणि आईचं तोंड उगवत्या सूर्याकडे करून ठेवतो.

धावणारे, रक्त ओकणारे, माणसं फाडणारे जीव ज्या मालिकेची ओळख, तिच्या तिसऱ्या भागाचा कळस एका मुलाने आईची उत्तरक्रिया करण्याचा आहे. साथीच्या वर्षांत आपण किती माणसांना धड निरोप न देता पाठवलं, हे या सभागृहातल्या अनेकांना मी सांगायची गरज नाही. मला ते दृश्य बघताना तेच आठवत होतं. बॉइल यांनी मेलेल्यांना उठवलं नाही. त्यांनी मेलेल्यांसाठी जागा केली. मालिकेचा पुढचा भाग निया डकोस्टा यांनी दिग्दर्शित केला आहे आणि त्याचं नाव त्या हाडांच्या मंदिरावरूनच आहे.

‘अ क्वाएट प्लेस: डे वन’मध्येही असंच धाडस आहे. नायिका आधीच मरणाच्या दारात आहे, न्यूयॉर्कवर राक्षस कोसळलेत आणि तिला जगायचं नाहीये, वडिलांबरोबर खाल्लेला तो हार्लेममधला पिझ्झा पुन्हा एकदा खायचाय. आणि ‘फायनल डेस्टिनेशन: ब्लडलाइन्स’. मालिकेत पहिल्यापासून मृत्यूचे नियम सांगणारा तो गंभीर आवाजाचा माणूस, टोनी टॉड. हे काम करताना ते स्वतः आजारी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले, सिनेमा मे २०२५ मध्ये आला. त्यांच्या शेवटच्या प्रसंगात दिग्दर्शकांनी त्यांना स्वतःच्या शब्दांत बोलू दिलं. गंमत म्हणून माणसं मारणाऱ्या मालिकेत एक मरणारा माणूस प्रेक्षकांना स्वतःच्या तोंडाने सांगतो की, आयुष्य मोलाचं आहे, एकेक क्षण उपभोगा. इयन होम यांना बोलायला लावलं आणि टोनी टॉड यांना बोलू दिलं, हा फरक मी विसरू शकत नाही.

हा प्रश्न हॉलिवूडपुरता नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली, तेव्हा मालकी असलेल्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून मेलेल्या नायकाला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर विरोध केला. कथेत मेलेल्या माणसाला मेलेलं राहण्याचा हक्क असतो, असं मी मानतो. त्याच्या मरणानेच बाकीच्या गोष्टीला वजन आलेलं असतं.

आणि आपल्या अगदी जवळची गोष्ट म्हणजे ‘तुंबाड’. नारायण धारपांच्या कथेवरून स्फुरलेला, अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही बर्वे यांनी कोकणातल्या खऱ्या पावसात वर्षानुवर्षं खपून केलेला सिनेमा. २०१८ मध्ये तो फार थोड्यांनी थिएटरात पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. लगेच दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. धारपांच्या समर्थकथांवर वाढलेल्या आमच्यासारख्या वाचकांना मालिकेचं वावडं नाही. समर्थ आणि जयदेव पुन्हा भेटावेत म्हणून आम्ही वाचनालयाच्या दारात उभे असायचो. पण समर्थांच्या प्रत्येक कथेत संकट नवं असायचं आणि कथा संपली की संपायची.

‘तुंबाड’ही संपलेला आहे. पिठाच्या बाहुल्या, विहिरीतली ती लाल ओली कोठडी, हावेने झडप घालणारा, सोन्याच्या मोहरा बाळगणारा हस्तर हा दानव, हे सगळं पुन्हा दाखवता येईल. बाहुल्या दुप्पट करता येतील, हस्तरचा जन्म कसा झाला याचा आणखी खुलासाही देता येईल. माझी निर्मात्यांना कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. शेवट आठवा. विद्रूप होऊन बाहेर आलेला विनायक मोहरांची थैली आपल्या पोराच्या, पांडुरंगाच्या, पुढे धरतो आणि तो ती घेत नाही. बापाला आपल्या हाताने अग्नी देतो. ते साल १९४७. पोरगा तेव्हा कोवळा होता. तो पुढे जगला असेल. कुठेतरी चाळीत खोली घेतली असेल, नोकरी केली असेल, लग्न, मुलंबाळं, रेशनच्या रांगा, चणचण. एवढं सोनं कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही, किंवा एखाद्या वाईट महिन्यात सांगितलं. मला तो म्हातारा पांडुरंग बघायचा आहे. आपल्या आजोबांचं काय झालं, तुंबाडचा वाडा कुठे आहे, असं त्याची मुलं जेवताना विचारतील तेव्हा तो काय उत्तर देतो, यावर दोन तासांचा सिनेमा सहज उभा राहतो.